टंडनजींची होडी

घराण्याचं नाव बुडवणारी माणसं पुष्कळ असतात. मी मात्र नाव आधी विकत घेतली, तीन महिने खपून दुरुस्त केली, रंगवली, तिच्यात गुबगुबीत सीटा बसवल्या आणि मग चाळीस माणसांच्या साक्षीनं बुडवली.

माझं आडनाव तांडेल. कोकणात तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. माझे आजोबा हर्णैला खरोखरच तांडेल होते. वडील साताऱ्याला शाळामास्तर झाले आणि मी दिल्लीला सरकारी नोकरीत आलो. म्हणजे दर पिढीला आम्ही समुद्रापासून लांब सरकत गेलो. मला पोहता येत नाही. शॉवरखाली डोळ्यांत साबण गेला तरी मी भिंतीला धरतो. दिल्लीत तर आडनावही गेलं. पहिल्याच दिवशी बडे बाबूंनी रजिस्टरमध्ये ‘टंडन’ लिहिलं. मी दुरुस्त करायला गेलो, तर म्हणाले, "एक ही बात है." झालं! पुढची छत्तीस वर्षं मी टंडनजी.

आमचं खातं देशातल्या नद्यांचं होतं. माझं टेबल मात्र रजेच्या अर्जांचं. (हे लक्षात ठेवा. आमच्या सोसायटीनं ठेवलं नाही.)

रिटायर झालो, आर. के. पुरमचं क्वार्टर सुटलं आणि आम्ही द्वारकेला तळमजल्याचा फ्लॅट घेतला. मागे छोटं अंगण, त्यात सुनंदाची तुळस आणि कपड्यांची दोरी. सुनंदा म्हणजे माझी बायको. ती गेल्या वर्षी आमच्या गौरीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली. तीन महिन्यांसाठी. मग गौरीची सुट्टी संपली, मग बाळाला सांभाळणारी बाई सोडून गेली, मग बाळाला दात आले. बाळ उभं राहायला लागलं तरी सुनंदा पुण्यातच!

रोज फोनवर एकच संवाद.

"तुम्ही इकडेच या ना. तिथे आहे काय तुमचं?"

"इथे कामं आहेत मला."

"कुठली?"

"असतात गं. बिल्कुल वेळ नसतो."

खरं कारण वेगळं होतं. जावयाच्या दोन खोल्यांत मी बैठकीतल्या सोफ्यावर झोपणार, आणि सकाळी सगळे माझ्या उठण्याची वाट बघत उभ्यानंच चहा घेणार. तो पाहुणचार मला नको होता. पण कामं? मी वॉशिंग मशीनशी बोलायला लागलो होतो. ("झालं का गं?" असं विचारायचो. एकदा ते नेमकं तेव्हाच टुंटुं वाजलं, तर मला भरून आलं.) रविवारी मेट्रोनं कोपर्निकस मार्गावर जायचो. तिथल्या जुन्या मराठी गेस्ट हाऊसच्या कँटीनमध्ये कांदेपोहे मिळतात म्हणून नाही, मराठीत ऑर्डर देता येते म्हणून. एके रविवारी मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "एक पोहे, वर खोबरं जरा जास्त." नवा वेटर म्हणाला, "सर, हिंदी में बोलिए." पोहे तसेच टाकून परत आलो.

त्याच आठवड्यात स्कूटरचा एक पार्ट शोधायला मायापुरीच्या भंगार बाजारात गेलो. एका दुकानासमोर अॅल्युमिनियमची दहाएक फुटांची मासेमारीची होडी पालथी पडली होती आणि दुकानाचे म्हातारे सरदारजी तिच्या पाठीवर चहाचे कप मांडून बसले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा दिला. मग मुलांबद्दल, गुडघ्यांबद्दल, दिल्लीच्या हवेबद्दल बोलत राहिले. तासभर! शेवटी नाव विचारलं. का कोण जाणे, छत्तीस वर्षांनी मी पहिल्यांदा खरं सांगितलं. तांडेल. अर्थासकट.

सरदारजी उठून उभे राहिले. कप उचलले. म्हणाले, "फिर तो ये आपकी ही अमानत है जी!"

आता एवढं बोललेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? स्कूटरचा पार्ट राहिलाच.

टेम्पोतून होडी सोसायटीच्या गेटवर आली तेव्हा गार्डनं आधी होडीकडे पाहिलं, मग आभाळाकडे. जूनचा शेवट होता. "टंडन साहब, बाढ़ आनेवाली है क्या?"

मी गमतीनं म्हणालो, "क्या पता भाई. तैयारी अच्छी होती है."

आयुष्यात केलेल्या विनोदांपैकी हा एकच लोकांपर्यंत पोचला, आणि तोही विनोद म्हणून नाही. नद्यांच्या खात्यात छत्तीस वर्षं काढलेला अफसर तळमजल्यावर होडी आणून ठेवतो, म्हणजे त्याला आतली खबर असणार! संध्याकाळपर्यंत ए ब्लॉकच्या गुप्ताजींनी सोफा दुसऱ्या मजल्यावरच्या मेव्हण्याकडे हलवला. त्यांचं बघून मल्होत्रांनी फ्रिज. तिसऱ्या दिवशी दोन बायका माझ्याकडे येऊन हळूच विचारून गेल्या, "भाईसाहब, कितने फुट तक आएगा?" मी जीव तोडून सांगितलं, मी फक्त लोकांच्या रजा बघायचो! त्यावर त्या एकमेकींकडे बघून म्हणाल्या, "बता नहीं सकते ना बेचारे."

मी मात्र कामाला लागलो. होडीवर रंगाचे पाच थर होते. निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली पिवळा आणि त्याखाली कुठल्यातरी खात्याचा नंबर. तारेच्या ब्रशनं आठ दिवस खरवडत होतो. बाकांच्या पोटात थर्मोकोल कोंबलेला होता. त्यात मुंग्यांनी वसाहत केली होती. कुणीतरी पॅकिंग काढायचं विसरलंय असं समजून मी तो सगळा ओढून कचऱ्यात टाकला आणि स्वतःच्या टापटिपीवर खूश झालो.

अडलं ते रिव्हेटपाशी. होडीचे पत्रे रिव्हेटनी जोडलेले असतात, आणि ते ढिले झाले की पाणी येतं. रिव्हेट ठोकायचा तर एकानं बाहेरून हातोडा मारायचा आणि दुसऱ्यानं आतून जड लोखंड दाबून धरायचं. म्हणजे दोन माणसं लागतात. घरात मी एक. सासूबाईंची जुनी कोळशाची इस्त्री दोरीनं आत बांधली. बाहेर येऊन हातोडा मारला, इस्त्री पडली. आत जाऊन बांधली, बाहेर येऊन मारला, पडली. चार दिवसांत सहा रिव्हेट झाले आणि एक अंगठा काळानिळा.

त्यातच सुनंदाचा फोन. "हे ठाकठोक कसलं?"

"वरच्या नायरबाई बाथरूम नवीन करतायत."

"अच्छा? दुपारी एक ते चार? नियम नाहीत का काही? तुमची झोपेची वेळ ही!"

"जाऊ दे गं."

"तुम्ही नेहमीच जाऊ देता. थांबा, मी बघते."

तिनं बघितलं! पुण्याहून थेट आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन लावून तक्रार केली. हे सेक्रेटरी म्हणजे चोप्राजी. बँकेतून रिटायर, दोन्ही मुलं कॅनडात, पत्नी चार वर्षांपूर्वी गेलेल्या. नियम हाच त्यांचा संसार. ते तडक नायरबाईंकडे गेले. नायरबाईंनी त्यांना आपलं वीस वर्षांचं जुनं बाथरूम उघडून दाखवलं आणि बोटानं खाली खूण केली.

चोप्राजी आमच्या अंगणात आले तेव्हा मी होडीत डोकं घालून इस्त्रीला शिव्या देत होतो. मराठीत.

"टंडनजी! आपके घर से शोर आ रहा है, और शिकायत भी आपके ही घर से आई है!"

"गलती हो गई, चोप्राजी. अकेला हूँ ना, टाइम ज्यादा लगता है."

ते काहीतरी कडक बोलणार होते. पण ‘अकेला’ शब्दावर अडखळले. होडीभोवती एक फेरी मारली, वाकून आत बघितलं, घड्याळ काढून खिशात ठेवलं. "इस्त्री इधर दो. मैं पकड़ता हूँ."

त्या दुपारी आम्ही अठरा रिव्हेट ठोकले! मधेच सुनंदाचा फोन चोप्राजींना आला. एका हातात इस्त्री, दुसऱ्या हातात फोन धरून ते म्हणाले, "भाभीजी, बिल्कुल निश्चिंत रहिए. मैंने सख्ती से बंद करवा दिया है." फोन ठेवला आणि मला म्हणाले, "मारो."

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागला: दुपारी आवाज करण्यास सक्त मनाई, आपत्ती निवारणाचं काम वगळून.

मग होडी सजवायचं वेड लागलं. करोल बागेत गाड्यांच्या सामानाच्या गल्लीत जाऊन एका जुन्या मोटारीच्या सीटा आणल्या. मला एकच हवी होती. दुकानदार म्हणाला, "जोड़ी में ही मिलेगी, सर." दोन आणल्या. कपहोल्डर आणला, गळाची काठी अडकवायला क्लिप आणली. (मासा मी आजवर ताटातच धरला आहे.) दिल्लीच्या त्या दमट संध्याकाळी होडीत जाऊन बसायचो. एका सीटवर मी, कपहोल्डरमध्ये चहा. चोप्राजी सात वाजता जेवायला घरी जायचे, की दुसरी सीट नुसती समोर बघत बसायची. मी पण.

शेवटी पेंटर बोलावला. त्याला सांगितलं, होडीच्या नाकावर छान अक्षरांत नाव घाल, सुनंदा. आणि जरा भाजी आणायला गेलो. परत येईतो त्यानं पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत लिहून ठेवलं होतं: ‘सुनन्दा टंडन’. खाली दोन कमळं.

तोवर पुण्यात काय झालं, तर नातवानं आजीच्या फोनवर बोटं मारता मारता सोसायटीचा ग्रुप उघडला. तिनं त्याचा आवाज बंद करून ठेवला होता, आत हजार-दीड हजार मेसेज साचले होते. पहिलाच फोटो आमच्या अंगणाचा.

फोन आला. मी उचलला.

"आपल्या अंगणात होडी आहे?"

"आहे."

"माझी तुळस कुठे आहे?"

"होडीत. तिला तिथे ऊन चांगलं मिळतं."

मागे नातू काहीतरी आपटत होता.

"दोन सीटा कशाला?"

"जोडीतच मिळतात."

"दुसरीवर कोण बसतं?"

"चोप्राजी. सातपर्यंत."

मग ती म्हणाली, "मी शुक्रवारी येतेय."

ती आली. बॅग दारात ठेवून सरळ अंगणात गेली. अकरा महिन्यांनी दिसत होती, जरा बारीक झाली होती. मला वाटलं आता रागावेल, आणि मला खरंच तिचं रागावणं ऐकायचं होतं. समोरासमोर. तिनं होडीभोवती फेरी मारली. नाकाशी थांबली.

"ही कोण?"

"कोण?"

"ही सुनन्दा टंडन."

"तूच की."

"मला वाटलं मी नसताना एखादी पंजाबीण..." आणि झाडू घेऊन ती अंगणातला कीस झाडायला लागली. पाठ माझ्याकडे होती, पण खांदे हलत होते. हसत होती की काय, मी विचारलं नाही.

रविवारी जलावतरण! यमुनेत होडी घालायची सोय नव्हती, पण झज्जरकडे चोप्राजींच्या साडूचं शेत होतं, आणि त्यात मोठं मासे पाळायचं तळं. अख्खी सोसायटी दोन बसा करून निघाली. पराठे, लोणचं, चटया. गुप्ताजी तर ‘ट्रायल’ बघायला आले होते. (सोफा अजून मेव्हण्याकडेच होता.) नारळ फुटला. चोप्राजींनी भाषण केलं, त्यात मला देशाच्या नद्यांचा जाणकार म्हणाले. मी कुर्त्याची बाही सारखी केली आणि सुनंदाला हात देऊन होडीत बसवलं. चौघांनी ढकललं.

होडी तरंगली! खरं सांगतो, ते पहिलं अर्धं मिनिट मी खरोखरच तांडेल होतो. वल्ही मारली. काठावर टाळ्या. सुनंदानं पदर खोचला आणि इकडेतिकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर मुलीसारखं काहीतरी आलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "पाणी."

"हो ना. किती स्वच्छ आहे."

"आत. पाणी आत आहे."

"होडीत थोडं पाणी असतंच गं."

"घोट्यापर्यंत?"

होडीच्या मागच्या बाजूला, तळाशी, एक भोक असतं. धुतल्यावर पाणी निघून जावं म्हणून. त्याला बूच असतं. आदल्या दिवशी मी होडी धुतली, बूच काढलं आणि हरवू नये म्हणून नीट फ्रिजवर ठेवलं होतं. ते आत्ताही तिथेच, अत्यंत सुरक्षित होतं.

मी उभा राहिलो. होडीत उभं राहू नये असं म्हणतात, ते का, हे मला लगेच कळलं. सुनन्दा टंडन एका बाजूला कलली आणि सुनंदा तांडेल आणि मी पाण्यात! मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "बुडालो! बुडालो!"

काठावर चाळीस माणसं. त्यातल्या एकालाही मराठी येत नाही. चोप्राजींना वाटलं हा आमच्याकडचा होडी सोडतानाचा जयघोष! त्यांनी दोन्ही हात वर केले: "बुडालो!" मागून सगळी सोसायटी, बायकामुलांसकट: "बुडालो! बुडालो!" मी पाण्याखाली जायचो, वर यायचो, ओरडायचो, आणि काठावरून जोरदार जबाब मिळायचा. गुप्ताजींनी तर शिट्टी मारली.

तेवढ्यात कॉलर घट्ट आवळली गेली. सुनंदा. कृष्णाकाठची पोर, लहानपणी घाटावरून उड्या मारायची. लग्नानंतर पहिल्या वर्षी तिनं मला हे सांगितलं होतं आणि मी "अच्छा?" म्हणून पेपर वाचत राहिलो होतो. तिनं मला ओढत चार हात नेलं आणि म्हणाली, "आता उभे राहा."

"बुडीन!"

"अहो, उभे राहा!"

राहिलो. पाणी छातीपर्यंत होतं.

आमच्यामागे होडी शांतपणे तळाला गेली. ट्रॅक्टर लावून ती बाहेर काढल्यावर चोप्राजींच्या साडूंनी आत वाकून बघितलं आणि विचारलं, "भाईसाब, सीट के नीचे थर्मोकोल ना था के? उसी पे तो तैरे सै."

मी म्हणालो, "मुंग्या होत्या." हेही मराठीत.

परतताना बसच्या ड्रायव्हरनं आम्हाला ओल्या कपड्यांनी आत घेतलं नाही. होडी नेणाऱ्या टेम्पोवाल्यानंही त्याच्या शेजारी बसू दिलं नाही. शेवटी आम्ही दोघं मागे, होडीतच, त्या दोन सीटांवर बसलो. नजफगढ रोडवरून होडी झकास चालली. तिचा एवढाच एक प्रवास सुखरूप झाला. रस्त्यावरचे लोक हात करत होते. सुनंदा परत हात करत होती. मग हात खाली आला.

"खरं सांगा. कशाला घेतलीत?"

मी बराच वेळ ट्रकच्या मागचं काहीबाही वाचत राहिलो. मग म्हणालो, "तो सरदारजी माझ्याशी तासभर बोलला."

"मग मला फोन नाही करायचा?"

"तू बाळाला झोपवत असायचीस. आवाजानं उठलं असतं."

ओल्या पदरानं तिनं माझ्या कानातलं शेवाळ पुसलं. लहान मुलाचं पुसतात तसं, जरा रागानं. मला एकदम काय झालं कुणास ठाऊक, भर नजफगढ रोडवर, मोटारीच्या सीटवर बसून मी रडायला लागलो. ती नुसती बसून राहिली, गुडघ्याला गुडघा लावून.

थोड्या वेळानं तिनं पिशवीतून फोन काढला. फोन काठावर राहिला होता म्हणून वाचला होता. गौरीला लावला.

"गौरी, मी बुधवारी येतेय. सोफा रिकामा कर. आणि उशी माझी दे त्यांना, त्यांची मान दुखते." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हो, येतायत. नाही, विचारलं नाही. सांगितलं."

पलीकडून गौरी विचारत असावी, सामान किती आहे, गाडी कुठली पाठवू.

"सामान काही नाही गं, एकच डाग आहे. जुना आहे, जरा गळतो. पण मी धरून आणते."

माझ्या बाहीतून पाणी टपकत होतं, नाकातूनही. यावर बाणेदार काहीतरी बोलावं असं फार वाटलं. पण गप्प बसलो. सामानानं मधे बोलायचं नसतं.